पाचशे वॅटचा जुना सेट

"पाचशे वॅटचा सेट आहे, आठ हजारांत देतोय. घेऊ का?"

लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या खिंडीच्या तोंडाशी वसलेल्या लोहगडवाडीत हा प्रश्न कुणालाही पडू शकतो. मळवली स्टेशनावर उतरायचं, भाजे गावावरून चढ चढायचा, की वाडी आलीच. किल्ला पाहायला येणाऱ्यांच्या जेवणाची, मुक्कामाची सोय इथल्या घरांतून होते. २०२५च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत लोहगडही आहे. पाहुणे आले की अंगणात गाणी हवीत. पलीकडे पवनेच्या काठावर तंबू लावणाऱ्यांना शनिवारी रात्री गिटार घेऊन गाणारा पोरगा हवा, आणि त्याच्यासाठी स्पीकर हवा. भजनी मंडळाला सप्ताहासाठी माईक-मशीन हवं. एखाद्या घरातल्या कॉलेजकुमाराने बेस गिटार आणलेली असते, त्याची गरज आणखी निराळी. नवं घ्यायला परवडत नाही, म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो.

विकणारा एकच आकडा सांगतो, वॅट. घेणाराही त्याच आकड्यावर घासाघीस करतो. मला विचाराल तर जुन्या सामानात याहून निरुपयोगी आकडा नाही. त्या खोक्यातले काही भाग पन्नास वर्षांनीही जसेच्या तसे असतात आणि काही दहा-पंधरा वर्षांत निकामी होतात. भाव करायचा तो हे दोन ढीग वेगळे करून. पण आधी वॅटचा निकाल लावू.

१. वॅट वाढले तर आवाज किती वाढतो?

वॅट म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला दर सेकंदाला किती ऊर्जा देतो त्याचं माप. कानाला जाणवणारा आवाज मात्र डेसिबलमध्ये मोजतात, आणि या दोन मापांचं नातं सरळ नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ३ डेसिबलचा फरक लक्ष देऊन ऐकलं तर कळतो, इतकाच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात.

उदाहरण घेऊ. एका स्पीकरला १ वॅट दिला तर एक मीटरवर ९० डेसिबल आवाज येतो. याला त्या स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. १० वॅट दिले की १०० डेसिबल. ५० वॅटना १०७, १०० वॅटना ११०. म्हणजे पन्नासचा अ‍ॅम्प सोडून शंभरचा घेतला, दाम दुप्पट मोजले, तर हाती आले ३ डेसिबल. त्याऐवजी ९० चा स्पीकर बदलून ९६ चा घेतला असता, तर तोच पन्नासचा अ‍ॅम्प ११३ वर गेला असता. जुन्या बाजारात फिरताना अ‍ॅम्पवर जीव टाकण्यापेक्षा स्पीकरच्या मागच्या पट्टीवरचा हा आकडा वाचावा. तो वाचणारे फार थोडे, म्हणून तिथे घासाघीस सोपी जाते.

आता हा आवाज जातो कुठवर, तेही पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ११०, दोनवर १०४, चारवर ९८. असं दुप्पट-दुप्पट करत गेलं की ६४ मीटरवर ७४ आणि ५१२ मीटरवर ५६. मधली झाडं, भिंती, वारा थोडं कापतात, तरी हिशेबाचा सूर हाच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायलाच मनाई आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढीच. म्हणजे खऱ्या शंभर वॅटचा एक साधा स्पीकर पूर्ण ताकदीने लावला, तर अर्ध्या किलोमीटरवरच्या घराच्या अंगणातसुद्धा मर्यादा गाठली जाते. वाडीतल्या मुक्कामाच्या घराला पाचशे वॅट लागतात कशाला, हे आधी स्वतःला विचारावं. अंगणात वीस पाहुणे बसणार असतील तर वीस-तीस खरे वॅट पुरून उरतात.

२. लेबलवरचे वॅट

'खरे' हा शब्द वर मुद्दाम वापरला. स्वस्त सेटच्या कपाळावर ५००, १०००, कधी ५००० असे आकडे असतात आणि खाली बारीक अक्षरांत पीएमपीओ. क्षणभरासाठी, कसाही मोजलेला, सगळ्या स्पीकरांची बेरीज करून आलेला हा आकडा आहे. तो कसा मोजायचा याचं कोणतंही प्रमाण नाही. पाहायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकेल ते वॅट.

तो लिहिलेला नसेल तर सेट उलटा करा. मागच्या पट्टीवर वीज किती खातो ते छापलेलं असतं. समजा ६० वॅट लिहिलंय. सेट जेवढी वीज खातो त्याहून जास्त आवाजात घालू शकत नाही. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये तर जवळजवळ निम्मी ऊर्जा उष्णता होऊन जाते, मागचा अ‍ॅल्युमिनियमचा पंखेदार पत्रा तापतो तो त्यामुळेच. म्हणजे खरे वॅट तीस-पस्तीस, दोन्ही बाजू मिळून. पट्टीच निघून गेली असेल तर फ्यूज बघा. २ अँपिअरचा फ्यूज आणि २३० व्होल्ट, गुणाकार ४६०. त्या फ्यूजमागे ५००० वॅट दडलेले असूच शकत नाहीत.

स्थानिक दुकानांत जुळवलेल्या, म्हणजे 'असेंबल' अ‍ॅम्पचा मामला वेगळा. पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, इथून सुटे भाग आणून तयार केलेले हजारो डबे महाराष्ट्रभर वाजतात. त्यांची झाकणं उघडली की दोन जातींचा माल दिसतो. एक, '४४४०' ही आयसी. सॅन्योची मूळ आयसी दोन बाजूंना सहा-सहा वॅट देते, दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर १९. तिच्या डब्यावर २०० वॅटचं स्टिकर असलं तर ते स्टिकर आहे, एवढंच समजावं. दुसरी जात 'बावन्नशे-एकोणीसशे त्रेचाळीस', म्हणजे सी-५२०० आणि ए-१९४३ या ट्रान्झिस्टरांची जोडी. तोशिबाने ही जोडी शंभर वॅटच्या अ‍ॅम्पसाठी सुचवलेली आहे. तेव्हा जोड्या मोजायच्या: दोन जोड्या असतील तर दोनशेच्या आसपास, आणि तेही ट्रान्सफॉर्मर तेवढा दणकट असेल तर. या ट्रान्झिस्टरांच्या नकला बाजारात फार आहेत. एका रांगेतल्या चार तुकड्यांवरची छपाई एकसारखी नसेल, तर सेट एकदा जळून दुरुस्त झालेला आहे असं धरून चालावं.

३. बेसला एवढं मोठं खोकं का लागतं?

लोहगडवाडीच्या पायथ्याशी भाज्याची लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या एका शिल्पात एक स्त्री दोन चर्मवाद्यांची जोडी वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. आजच्या तबला-डग्ग्याकडे पाहिलं तर जोडीचं गणित लगेच लक्षात येतं. ज्याचा आवाज खाली, त्याचं तोंड रुंद आणि पोट मोठं. स्पीकरचंही तसंच. सूर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा असेल, तर पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ८२ वेळा कंप पावते. बेस गिटारची तीच तार ४१ वर, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. त्यात आपला कान खालच्या सुरांना मंद आहे. म्हणून गिटारवाल्याचं तीस वॅटमध्ये भागतं आणि त्याच्या शेजारी उभ्या बेसवाल्याला दोनशे-तीनशे लागतात. तुम्ही म्हणाल, वर तर वॅटला नावं ठेवलीत. बेस हा अपवाद आहे, इथे खरे वॅट हवेतच.

घरातल्या म्युझिक सिस्टिममध्ये बेस गिटार का लावू नये, याची उत्तरं दोन. पहिलं: सीडीवरचं गाणं ध्वनिमुद्रण करताना दाबून-चेपून सारखं केलेलं असतं. बोटाने ओढलेली नुसती तार तशी नसते, तिचा पहिला झटका एकदम मोठा येतो. सहा इंची स्पीकरचा पडदा तो झटका घ्यायला जातो आणि त्याची कॉइल चौकटीवर आपटते. दुसरं: गिटारच्या पिकअपला समोरून फार कमी ओढणारं इनपुट लागतं, सुमारे दहा लाख ओहमचं. घरच्या सेटचं ऑक्स इनपुट वीस-पन्नास हजार ओहमचं असतं. मग सूर मिळमिळीत येतो आणि मुलगा आवाज वाढवत राहतो. कीबोर्डचा जुना अ‍ॅम्प मिळाला तर बेससाठी तो चालून जातो. साध्या गिटारचा अ‍ॅम्प मात्र बेसखाली टिकत नाही.

लिओ फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ची, आणि तिच्यासाठी केलेला बासमन हा अ‍ॅम्प १९५२चा. पुढे वाद्यवृंद मैदानांत गेले, आवाज पुरेना. १९६९ साली अँपेगने एसव्हीटी काढला. व्हॉल्व्हचे ३०० वॅट, आणि नुसत्या डोक्याचं, म्हणजे अ‍ॅम्पच्या डब्याचं, वजन सुमारे ३८ किलो, स्पीकरची पेटी वेगळीच. आता तेवढेच वॅट देणारं डोकं दोन-तीन किलोचं मिळतं. याचा परिणाम जुन्या बाजारावर झाला आहे: जड अ‍ॅम्प उचलायला कुणी तयार नाही, म्हणून ते स्वस्त सुटतात. ज्याला दर आठवड्याला वेगळ्या ठिकाणी वाजवायचं आहे त्याने हलका घ्यावा. ज्याचा अ‍ॅम्प एका खोलीत कायम राहणार आहे त्याने जड घ्यावा, कारण ते वजन बहुतांशी ट्रान्सफॉर्मरचं आणि लाकडाचं असतं, आणि या दोन्ही गोष्टी सहसा मरत नाहीत. वय झालं की मरतं काय, ते आता पाहू.

४. काय टिकतं, काय मरतं

टिकणाऱ्यांची यादी छोटी. तांब्याचा ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचं चुंबक, लोखंडी चौकट, चांगल्या प्लायवूडची पेटी. या वस्तू पाणी लागलं नाही आणि जळल्या नाहीत तर माणसाच्या आयुष्याला पुरतात.

मरणाऱ्यांत पहिला नंबर कंडेन्सरचा. अ‍ॅम्पच्या आत पिंपासारखे उभे मोठे कंडेन्सर असतात, त्यांत रसायनाचा ओला थर असतो आणि तो उष्णतेने हळूहळू वाळतो. वाळला की स्पीकरमधून सतत 'हं' असा घुमणारा आवाज येतो, गाणं बंद असलं तरी. कंडेन्सरच्या अंगावर त्याचं आयुष्य लिहिलेलं नसतं, पण तापमान असतं. साध्या मालाचा करार असा: ८५ अंशाला २००० तास. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. सेटच्या आत ४५ अंश राहत असतील तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज चार तास वाजवलं तर ८००० दिवस, जवळपास बावीस वर्षं. तोच सेट बंद कपाटात ठेवून आत ६५ अंश होऊ दिले, तर ८००० तास आणि साडेपाच वर्षं. जुना सेट कुठल्या वर्षीचा आहे हे विचारण्याइतकंच तो कुठे ठेवलेला होता हे विचारणं महत्त्वाचं, ते यासाठी.

दुसरा नंबर स्पीकरच्या कडेचा. पडदा आणि चौकट यांना जोडणारी लवचीक पट्टी तीन प्रकारची असते. फोमची पट्टी दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होते, बोट लावलं की चुरा हातात येतो. रबरी जास्त टिकते. कापडाची, चुण्या घातलेली पट्टी सर्वांत चिवट, म्हणून बेस अ‍ॅम्पच्या आणि मंडपवाल्यांच्या स्पीकरांना बहुधा तीच असते. घरगुती हाय-फाय स्पीकर घेताना पुढची जाळी काढून पट्टी पाहिल्याशिवाय भाव बोलू नये. जाळी काढू न देणाऱ्याशी तर बोलूच नये.

आणि इथे मावळाचा पाऊस आडवा येतो. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या आसपास. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरा धरतो, तिथे कागदाच्या पडद्याची काय कथा. लोणावळ्यातल्या बंगल्यांत चांगल्या घराण्यातले सेट असतात: जपानी अ‍ॅम्प, कोलकात्याच्या सोनोडाइनचे स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर. मालक वर्षातून चार वेळा येतो, बाकी दिवस घराला कुलूप. असा सेट विकायला निघतो तेव्हा 'फार वापरलेला नाही' ही त्याची जाहिरात असते. माझ्या मते तोच त्याचा दोष आहे. दमट बंद घरात न वापरलेला सेट हा रोज वाजणाऱ्या सेटपेक्षा लवकर बिघडतो. चालू सेट आतून उबदार राहतो, कोरडा राहतो. बंद सेटच्या जोडण्यांवर हिरवट गंज चढतो, बटणं फिरवली की खरखर होते, पडद्यावर बुरशीचे ठिपके येतात. शिवाय पाली. आडोशासाठी आत शिरलेली पाल दोन तारांच्या मध्ये आली की तीही जाते आणि सर्किटही. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ही गावाकडची नेहमीची गोष्ट. दोन सारखे सेट समोर असतील, एक पुण्याच्या फ्लॅटमधला रोजच्या वापरातला आणि एक घाटमाथ्यावरच्या बंगल्यातला चकचकीत, तर डोळे मिटून पुण्याचा घ्यावा. आपल्याकडे आणल्यावर पावसाळ्यात आठवड्यातून निदान दोनदा अर्धा तास तो चालू ठेवावा.

खरखरीला घाबरू नका. बहुतेक वेळा ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने जाते. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर तिथे पाचशे-हजार उतरवून घेता येतात. कॅसेट डेकचे रबरी पट्टे डांबरासारखे चिकट झालेले असतात, ते बदलता येतात. रेकॉर्ड प्लेअरची सुई पाचशे-हजार तासांची, ती नवीच घ्यायची असं धरावं. सीडी प्लेअरचा लेझर गेला असेल तर सोडून द्यावा.

५. ओहम, आणि शंभर व्होल्टचा खिळा

ओहम म्हणजे स्पीकर विजेला करत असलेल्या अडथळ्याचं माप. आकडा लहान, तर अ‍ॅम्पमधून ओढ जास्त. आठ ओहमचे दोन स्पीकर अ‍ॅम्पमागच्या खिळ्यांच्या एकाच जोडीला जोडले की मिळून चार ओहम होतात, चार जोडले की दोन. अ‍ॅम्पच्या मागे 'कमीत कमी ४ ओहम' लिहिलेलं असताना गणपतीत कुणीतरी 'अजून एक बेस लावू' म्हणतं, आणि अनंत चतुर्दशीच्या आधीच धूर निघतो. मंडळांकडून विकायला आलेल्या अ‍ॅम्पची ही बहुधा खरी कहाणी असते. तो किती स्पीकरांवर चालवला होता हे सहज गप्पांत विचारावं. 'सहा टॉप, चार बेस' असं अभिमानाने सांगितलं तर समजून जावं.

भजनी मंडळांच्या आणि देवळांच्या मशीनची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९४० साली दिल्लीत सुरू झालेल्या आहुजा कंपनीचे अ‍ॅम्प खेड्यापाड्यांत पोचले आहेत. त्यांच्या पाठीवर ४, ८, १६ ओहमबरोबर ७० आणि १०० व्होल्टचेही खिळे असतात. ती लांबच्या कर्ण्यांसाठीची सोय आहे. वायर लांब असली की ओहमच्या जोडणीत बरीच शक्ती वायरीतच विरते. व्होल्ट वाढवले की प्रवाह कमी लागतो आणि ती गळती थांबते. प्रत्येक कर्ण्याच्या मागे मग छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर हवा. इथे हिशेब सोपा: शंभर वॅटचं मशीन, पंधरा वॅटचे सहा कर्णे, बेरीज नव्वद, चालेल. ओहमची भानगडच नाही.

पण त्या १०० व्होल्टच्या खिळ्याला कुणी घरचा आठ ओहमचा स्पीकर लावला तर? व्होल्टचा वर्ग भागिले ओहम: १०० गुणिले १०० भागिले ८, म्हणजे १२५० वॅटची ओढ. एवढे वॅट मशीनकडे नसतात. तरी आहेत तेवढ्यांत स्पीकरची कॉइल जळते, किंवा मशीन बसतं, किंवा दोन्ही. जुनं देवळाचं मशीन घरी आणणार असाल तर ते शंभर व्होल्टचे खिळे चिकटपट्टीने झाकून टाका.

६. परदेशातून आलेले सेट

अमेरिकेतला भाऊ परत येताना सेट घेऊन येतो, किंवा बाजारात जपानी माल 'ओरिजिनल' म्हणून येतो. अमेरिकेची वीज १२० व्होल्ट, जपानची १००, आपली २३०. थेट लावला की संपलं. मागे व्होल्टचा खटका असेल तर तो २३० वर करून चालतं, नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. त्याची किंमत सेटच्या भावातून वजा करायची. त्यातही अमेरिकी रेकॉर्ड प्लेअर जपून. तिथल्या विजेची सेकंदाला ६० आवर्तनं होतात, आपल्या विजेची ५०. काही जुन्या प्लेअरांच्या मोटरी त्या तालावर फिरतात. व्होल्ट जुळवले तरी ३३⅓ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला सुमारे २८ फेऱ्या घेते आणि गायिका सुमारे तीन अर्धस्वर खाली गाते. दुबईहून आलेल्या सेटला हा त्रास नाही, तिथली वीज आपल्यासारखीच आहे.

७. हात लावून बघणे

तपासायला एक मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, ओळखीचं गाणं भरलेला फोन आणि नाक पुरे. नाक आधी. झाकणाच्या भोकांशी जळकट गोड वास आला तर ट्रान्सफॉर्मर कधीतरी तापून गेला आहे, आणि टिकणाऱ्या यादीतली वस्तूच गेली तर उरलं काय?

स्पीकर बंद असताना दोन खिळ्यांना मल्टिमीटर लावा. आठ ओहमचा चांगला स्पीकर साडेपाच ते सात दाखवतो, चारचा तीन-साडेतीन. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. मग सेलची धन बाजू लाल खिळ्याला टेकवा. पडदा बाहेर उडी मारतो आणि 'टप्' असा आवाज येतो. दोन स्पीकरांत एक बाहेर आणि एक आत गेला, तर कुणीतरी खोलून उलटा जोडला आहे. शेवटी पडदा चारी बोटांनी अलगद, सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे, तो स्पीकर नवीन पडदा-कॉइल घालूनच वापरता येईल.

ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प चालू करताना स्पीकर लावू नका. आधी आउटपुटच्या खिळ्यांवर डीसी व्होल्ट मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. दोन-चार व्होल्ट दिसले तर आतला ट्रान्झिस्टर गेलेला आहे आणि जो स्पीकर लावाल तो घेऊन जाईल. हे ठीक असेल तर स्पीकर जोडा, आवाज शून्यावर ठेवून कान लावा, मग प्रत्येक बटण फिरवा, मग गाणं. अर्धा तास वाजू द्यावं, कारण काही दोष तापल्यावरच बाहेर येतात. चहा मागवा, विकणाऱ्यालाही बरं वाटतं.

वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला कधीच लावू नये. गावातल्या वायरमनकडे सीरिज बोर्ड असतो, त्यातला साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब सेटच्या वाटेत येतो. बल्ब क्षणभर भगभगला आणि मंद झाला तर आत ठीक आहे. भगभगतच राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बमुळे सेट वाचला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.

दोन गोष्टी मात्र स्वतः करू नयेत. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प उघडू नये, त्यात चारशे-पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. आणि प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापलेली असेल तर ती पुन्हा बसवून घेतल्याशिवाय सेट वापरू नये. हं-हं आवाज घालवायला ती कापण्याची वाईट खोड काही कारागिरांना आहे. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून माईक धरणाऱ्याच्या जिवावर ती बेतते.

८. भाव, पावती, पैसे

आता त्या आठ हजारांकडे. समजा तसाच खऱ्या वॅटचा नवा सेट आज १६,००० ला मिळतो. पूर्ण तपासलेल्या, निर्दोष जुन्याला निम्मे द्यावेत, म्हणजे ८,०००. त्यातून कंडेन्सर आणि फोमचे १,५०० वजा, पुण्याहून वाडीपर्यंत टेम्पोचे ५०० वजा, आणि न दिसलेल्या दुखण्यासाठी १,००० बाजूला. राहिले ५,०००. वर जाऊ नये. विकणारा हटून बसला तर उठावं, जुन्या सामानाला तोटा नाही.

घ्यायचा काळ आषाढ. लग्नसराई संपलेली, जत्रा आटोपलेल्या, साउंडवाल्यांचं सामान गोदामात पडून आणि हप्ते चालू. विकायचा काळ त्याच्या नेमका उलट, गणपतीच्या तोंडावर. पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे नशिबाने चांगला माल सापडतो, पण चालवून बघायला वीज मिळेलच असं नाही. त्यापेक्षा नोकरी बदलून शहर सोडणारा हिंजवडीचा माणूस बरा. त्याला शनिवारच्या आत घर रिकामं करायचं असतं आणि सेट त्याच्या भिंतीवरच जोडलेला असतो.

पावती मागा. छापील बिल नसेल तर साध्या कागदावर नाव, तारीख, रक्कम आणि सेटचा अनुक्रमांक लिहून सही घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि आपल्याला माहीत नव्हतं हे दाखवायला हाच कागद कामाला येतो. अनुक्रमांक खरवडलेला असेल तर हात लावू नका.

विकणाऱ्यासाठी एक धोका वेगळा आहे. फोनवर गिऱ्हाईक येतं, घासाघीस करत नाही, अनेकदा आपण लष्करात असल्याचं सांगतं आणि पैसे पाठवायला म्हणून एक क्यूआर कोड धाडतं. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा. विकताना चालू सेटचा छोटा व्हिडिओ करून ठेवावा, दोष आधीच सांगावेत. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला किंवा अ‍ॅम्पला विकण्यापूर्वी रंग-पॉलिश मुळीच करू नये, शौकीन माणूस मूळ अवस्थेचे जास्त पैसे देतो.

दुरुस्त होण्यापलीकडे गेलेला सेट भंगारात किलोवर देण्याआधी ट्रान्सफॉर्मर आणि धड स्पीकर सुटे करून दुरुस्तीवाल्याला दाखवावेत. तो वाइंडिंग खरवडून बघेल. तांब्याचं असेल तर वेगळा भाव, स्वस्त असेंबल सेटमध्ये बरेचदा असतं तसं अ‍ॅल्युमिनियमचं निघालं तर वेगळा. उरलेलं सर्किट ई-कचऱ्यात जातं, २०२२च्या नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडेच द्यायचं असतं, घरामागे जाळायचं नसतं.